चेहरा सोडून सगळं

आमच्या साडूंच्या मोबाईलमध्ये शिरल्याशिवाय सुरतेतली कुठलीही गोष्ट खऱ्या अर्थानं अस्तित्वात येत नाही, असं माझं ठाम मत होऊन बसलं आहे. तापी वाहते, कबूल. पण साडूंनी पुलाच्या कठड्यावर पोट टेकवून, अर्धं अंग पलीकडे आणि एक चप्पल अलीकडे अशा अवस्थेत तिला टिपलं, की मगच ती मनापासून वाहायला लागते. हजीऱ्याच्या चिमण्या धूर सोडतात तोही, माझी खात्री आहे, साडूंना मावळतीच्या तांबड्यात जरासा करडा रंग हवा असतो म्हणूनच. आमच्या उधन्याच्या गल्लीतली तारेला लटकलेली पतंगाची शेपटी, पानाच्या टपरीवरचं ओलं फडकं, जिन्यातला तडकलेला आरसा, या मंडळींना साडूंच्या आधी कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. साडूंनी त्यांना चांगले दिवस दाखवले.

नात्यानं ते माझे साडू, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळ गाव अमळनेरजवळचं, पण सुरतेत एवढी वर्षं काढली की आता त्यांना स्वप्नंसुद्धा अर्धी गुजरातीत पडत असावीत. सुरतेजवळच्या सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या एका डाईंग मिलमध्ये परचेस खात्यात ते नोकरीला आहेत. मी मराठी शाळेत गणित शिकवतो म्हणून ते मला ‘मास्तर’ म्हणतात आणि मी त्यांना ‘साडूभाऊ’ म्हणतो. मध्यम उंची, पोट माफक पुढे, चालणं घाईचं, आणि शर्टाचा खिसा नेहमीपेक्षा बोटभर रुंद. हा खिसा ते शिंप्याला समोर बसवून, मोबाईल आतबाहेर करून दाखवत शिवून घेतात. एकदा शिंप्यानं हौसेनं खिशाला बटण लावलं, तर साडूंनी शर्ट तसाच परत नेला. “बटण खोलेपर्यंत लाईट थांबणार आहे का, भाई?” असं त्यांनी त्याला विचारलं म्हणे. त्यानंतर तो शिंपी त्यांच्या कापडाला हात लावायच्या आधी खिशाबद्दल विचारून घेतो.

लाईट! या एका शब्दावर या माणसाचं आयुष्य चाललं आहे. तुम्ही त्यांच्याशी गंभीरपणे काही बोलत असता, तुमच्या रक्तदाबाबद्दल, मुलाच्या ॲडमिशनबद्दल, आणि ते मान डोलवत ऐकत असतात. अचानक त्यांचे डोळे तुमच्या खांद्यावरून पलीकडे जातात, नाकपुड्या फुलतात आणि ते ओरडतात, “मास्तर, हलू नका! लाईट बघा लाईट! जबरदस्त छे!” तुम्ही वळून बघता तर भिंतीवर खिडकीच्या गजांचं ऊन पडलेलं असतं, जे रोज पडतं. पुढच्या क्षणी साडू तुमच्या पलंगावर चढलेले असतात. ‘फोटो काढला’ असं ते चुकूनही म्हणत नाहीत. ‘फ्रेम मिळाली’ म्हणतात, तेही अशा आवाजात की समोरच्यानं पेढे मागावेत. एकदा त्यांच्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये एक फ्रेम मिळता मिळता ते मागे मागे सरकत गेले ते थेट शेजारच्या बेनच्या स्वयंपाकघरात पोचले. बेननी त्यांच्या हातात चहा दिला. हे नेहमीचंच असावं.

मोठे कॅमेरे गळ्यात घालून हिंडणाऱ्यांबद्दल त्यांना मनापासून दया वाटते. “तो माणूस घरून निघतानाच ठरवून निघतो की आज कला करायची,” ते मला एकदा समजावून सांगत होते. “आपलं तसं नाही, मास्तर. आपण मेथीची जुडी आणायला निघायचं आणि येताना कला घेऊन यायची. ज्या यंत्रावर बायको विचारते ‘कुठे आहात?’, त्याच यंत्रावर फ्रेम मिळते. याच्याइतकी घरातली कला दुसरी कुठली?” हे सांगताना ते इतके रंगात आले होते की मेथी राहिली, आणि तेवढ्यात त्याच यंत्रावर ताईंचा, म्हणजे माझ्या मेहुणीचा, फोन आला की कुठे आहात.

कलेसाठी साडू जमिनीवर आडवे होतात. मोबाईल उलटा धरून तो जमिनीला टेकवला की जग वेगळं दिसतं, हा त्यांचा लाडका सिद्धांत. एकदा आम्ही दोघं कतारगामला एका ओळखीच्यांना भेटायला गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत हिऱ्याच्या कारखान्यांतून माणसांचा लोंढा गल्लीत उतरला. साडूंनी ते शेकडो पाय पाहिले आणि माझ्याशी बोलता बोलता भर रस्त्यात उताणे झाले. क्षणात गलका उठला. “काकाने चक्कर आव्या! पाणी लावो, पाणी!” कुणीतरी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, कुणी तळपाय चोळायला लागलं, आणि एका अनुभवी गृहस्थांनी ही फिटच आहे असं ठरवून पायातली चप्पल काढून साडूंच्या नाकाला लावली. साडू चपलेखालून ओरडत होते, “अरे हटो ने भाई, लाईट जाय छे!” ते ऐकून लोकांची खात्रीच पटली, कारण फिट आलेला माणूस असंच काहीतरी बरळतो. मी पुढे होऊन खुलासा करायला हवा होता, पण हसून हसून माझाच श्वास अडकला होता आणि दोघातिघांनी मलाही धरून ओट्यावर बसवलं. त्या फ्रेममध्ये शेवटी पाय आले नाहीत. चपलेचा तळ आला, अगदी जवळून, आणि साडूंनी त्याला ‘करुणा’ असं नाव दिलं.

अशा फ्रेमा रोज सकाळी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येतात, नावासकट. कधी ‘प्रतीक्षा’, म्हणजे उधना स्टेशनबाहेरची मोकळी बाकं. कधी ‘रंगपंचमीनंतर’, म्हणजे मिलच्या मागच्या नाल्यातलं गुलाबी पाणी. हा नाला त्यांचा फार लाडका. कुठल्या दिवशी कुठला रंग उकळला ते त्यांना नाल्यावरून कळतं आणि पोपटी दिवस असला की ते जेवणाच्या सुट्टीत डबा सोडून तिकडे धावतात. एकदा ‘एकांत’ नावाची फ्रेम आली. बाथरूममधली निळी बादली, वरच्या झरोक्यातून तिच्यावर पडलेली उन्हाची एक तिरीप. मला ती खरंच आवडली होती. पण चाळीसगावहून आमच्या सासूबाईंनी लगेच विचारलं, “ही बादली आपलीच का? घासून का नाही घेत?” साडूंनी त्यांना छायाप्रकाशावर लांबलचक उत्तर बोलून पाठवलं. सासूबाईंनी ते पूर्ण ऐकलं आणि राखेनं घासा असं कळवलं.

खाण्याच्या बाबतीत तर त्यांच्या घरी जाणं म्हणजे तपश्चर्या. हिवाळ्यात सुरतेत पोंक येतो, आपला कोवळ्या ज्वारीचा हुरडा. गरम गरम, वर लिंबू, शेव, साखरेचे दाणे. तो हातात पडल्यापडल्या खायचा असतो हे तान्ह्या पोरालाही कळतं. साडूंच्या घरी आधी पंखा बंद होतो, कारण शेव हलते. मग पडदा अर्धा सरकतो. मग पोंकाची ताटली खुर्चीवर, खुर्ची टेबलावर, आणि साडू टेबलाखाली. आम्ही पाहुणे लाळ गिळत भिंतीला टेकून उभे. “एक मिनिट, फक्त एक मिनिट,” टेबलाखालून आवाज येतो. ते मिनिट संपेपर्यंत पोंक गार, शेव मऊ आणि माझी बायको तिच्या बहिणीवर गरम झालेली असते. पण फ्रेम बघितली की राग जातो, हे कबूल केलं पाहिजे. त्या हिरव्या दाण्यांवर असा काही उजेड पडलेला असतो की आपण गार पोंक खाल्ला याचा विसर पडतो.

लेन्स पुसायच्या कापडाची तर एक वेगळीच कथा. गाव कापडाचं, गल्लीगल्लीत कापड, रिक्षात कापड, माणसाच्या डोक्यावर कापड. पण सगळं पॉलिएस्टर! साडूंनी त्यातले कितीतरी तुकडे आणून पारखले आणि सगळे नापास केले. शेवटी त्यांनी गावी जाऊन आपल्या वडिलांच्या जुन्या धोतराचा तुकडा आणला, धुऊन धुऊन सायीसारखा झालेला. तो घडी करून त्याच रुंद खिशात असतो. त्याला दुसरं कुणी हात लावायचा नाही, आणि त्यानं लेन्सशिवाय दुसरं काही पुसायचं नाही. एकदा मी चहा सांडल्यावर चुकून तो उचलला, तर साडू माझ्याकडे असे बघायला लागले की मी चहा आपल्या शर्टालाच पुसला.

पण त्यांचा खरा अभिमान म्हणजे त्यांचा हात. “हा दगडी हात आहे, मास्तर,” ते म्हणायचे. दोन्ही कोपरं बरगड्यांना दाबायची, पाय रोवायचे, श्वास रोखायचा, आणि मग जग हललं तरी फ्रेम हलायची नाही. पांडेसऱ्याच्या खड्ड्यांतून उधळलेल्या रिक्षात बसून त्यांनी समोरच्या ट्रकवरचं लिंबू-मिरची असं टिपलंय की मिरच्यांचे देठ मोजून घ्या. श्वास मात्र त्यांच्या एकट्याचा रोखून भागत नाही. “श्वास!” असा हुकूम सुटला की खोलीतल्या सगळ्यांनी थांबायचं. वाढदिवसाच्या मेणबत्त्यांसमोर आमच्या धाकट्याचे गाल फुगून जांभळे पडले होते आणि साडू म्हणत होते, “अजून नाही, अजून नाही.” तो फोटो आजही बघण्यासारखा आहे. त्यात मेणबत्तीची ज्योत आहे, तिच्यामागे अंधार आहे, आणि आमचा धाकटा नाही.

हाच तर सगळा घोटाळा होता. साडूंच्या फोटोत चेहरा नसतो. “चेहरा ओरडतो,” ते म्हणतात. “तो आला की बाकी कुणाचं काही ऐकू येत नाही.” याचा सगळ्यात जास्त भुर्दंड बसला तो त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, प्राजूला. तिच्या बारशाचा फोटो म्हणजे मिटलेली मूठ. बालवाडीचा पहिला दिवस म्हणजे बुटाची सुटलेली नाडी. शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती नाचली, त्याचा फोटो पडद्याखालून दिसणाऱ्या घुंगरांचा. डुमसच्या काळ्या वाळूवर आम्ही सगळे सहलीला गेलो होतो, तेव्हाची फक्त तिची पावलं उमटलेली. “माझ्या पोरीला तोंड आहे, हे या घरातले फोटो बघून कुणाला कळणार नाही,” ताई म्हणायच्या, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. प्राजू मात्र चिडायची नाही. ती आपल्या बापासारखीच हट्टी. मैत्रिणींनी काढलेले तिचे ढीगभर फोटो होते, पण तिचं म्हणणं एकच. “पप्पा, एक फोटो तुम्ही काढलेला पाहिजे. समोरून. मी हसणार, तुम्ही काढणार.” आणि साडू खिडकीतून बाहेर बघत म्हणायचे, “काढू, काढू. आज लाईट नाही.”

हे प्रकरण शेकलं ते माझ्यावर. प्राजूसाठी मी एक स्थळ आणलं. धुळ्याची माणसं, मुलगा पुण्यात नोकरीला. त्यांनी रिवाजाप्रमाणे मुलीचा फोटो मागवला. ताई म्हणाल्या स्टुडिओत जाऊ या. प्राजू म्हणाली, “घरात एवढा मोठा कलाकार असताना स्टुडिओ कशाला? पप्पाच काढतील.” मी गाफील राहिलो. साडूंनी तिला गच्चीवर नेलं, जिथे धुतलेल्या साड्या वाळत होत्या, आणि एक फोटो थेट मुलाकडे पाठवून दिला. एक पिवळी साडी वाऱ्यानं फुगलेली, आणि तिच्यावर प्राजूची सावली, वेणी मागे टाकताना हात वर केलेली. फार सुंदर होता हो. पण संध्याकाळी मुलाच्या आईचा मला फोन आला, “मास्तर, पोरनं तोंड कोठे शे? फोटोमा ते फक्त सावली दिखस.”

मी साडूंना विनवलं. त्यांनी समजूतदारपणे दुसरा फोटो पाठवला, ओल्या फरशीवरचं पैंजण घातलेलं पाऊल. मी पुन्हा हात जोडले. तिसरा फोटो गेला, पाठमोरी वेणी आणि तिच्यातला अबोलीचा गजरा. आता धुळ्याहून आवाज चढला, “मास्तर, तुम्ही आम्हले पोरना तुकडा तुकडा काय धाडी राहिनात? आख्खी पोर दखाडा ना!” मी शपथेवर सांगितलं की मुलगी धडधाकट आहे, दोन डोळे, एक नाक, सगळं जागच्या जागी. त्यामुळे संशय अजून वाढला. शेवटी ती मंडळी सुरतेला आली, मुलगी कशी आहे हे बघायला नव्हे, तर आहे की नाही हे बघायला.

त्या दिवशी ताईंनी साडूंचा मोबाईल काढून घेऊन फ्रीजवर ठेवला होता. साडू हात मांडीखाली दाबून बसले. प्राजू पोहे घेऊन आली, मंडळींनी तिचा चेहरा अगदी निरखून पाहिला, आणि मुलाच्या आईनं सुटकेचा निःश्वास सोडलेला मी स्वतः ऐकला. बोलणी सुरू झाली. मुलगा खिडकीशी बसला होता, दुपारचं ऊन मागून येत होतं, आणि त्याच्या कानातून आरपार जाऊन तो कान पेटल्यासारखा लालभडक दिसत होता. साडूंची चुळबुळ मला दिसत होती. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होतो. मुलाचे वडील मुहूर्ताचं काही बोलणार तेवढ्यात साडू उसळले, फ्रीजवरून मोबाईल खेचला आणि जमिनीवर गुडघे टेकून ओरडले, “जावईबापू, हलू नका! कान! कान!”

खोलीत कुणी हललं नाही. अजून होकार नाही, नकार नाही, आणि हे जावईबापू म्हणून मोकळे. मुलाच्या आईनं माझ्याकडे बघितलं, मी पोह्यांकडे बघितलं. तेवढ्यात मुलगाच हसायला लागला. पण कान न हलवता, मान तशीच धरून. ते बघून प्राजू ओढणी तोंडावर दाबून हसली, आणि दोघं एकमेकांकडे बघत हसत राहिले, ते मोठी माणसं गप्प बसली तरी थांबेनात. मग होकार वगैरे रीतसर झाला, सुपारी फुटली. पण लग्न खरं जमलं ते त्या कानावर, असं मी आजही सगळ्यांना सांगतो.

लग्न हिवाळ्यात, सुरतेतच ठरलं. त्याच सुमारास साडूंच्या आयुष्यात दुसरा आनंद आला. शहरातल्या मोबाईलवाल्या कलाकारांची एक मंडळी प्रदर्शन भरवते, तिथे साडू अनेकदा फ्रेमा पाठवून गप्प घरी बसलेले होते. यंदा त्यांची निवड झाली. प्रत्येकानं एकच फोटो लावायचा, तोही आपल्या पसंतीचा. साडूंनी त्या दिवशी आख्ख्या मजल्याला खव्याची सुरती घारी वाटली, एकेकाला दोन दोन. मग सुरू झाला घोर. बादली लावावी की नाला? करुणा की प्रतीक्षा? लग्नाच्या याद्या राहिल्या बाजूला, आचारी येऊन बसलाय आणि साडू त्यालाच विचारताहेत, “महाराज, गुलाबी पाणी बरं की पोपटी?” प्राजू मेहंदीच्या हातांनी त्यांच्यासमोर उभी राहिली. “पप्पा, प्रदर्शनाचं नंतर. हळदीच्या सकाळी माझा फोटो. समोरून. मला पुण्याला न्यायचाय.” साडू सवयीनं खिडकीकडे बघत म्हणाले, “लाईट असला तर...” “असणार,” प्राजू म्हणाली.

आणि होता! हळदीच्या सकाळी गच्चीवर जो उजेड उतरला होता तो माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरालाही कळला. कोवळं ऊन, मांडवाच्या पातळ कापडातून गाळून आलेलं, बायकांच्या साड्यांवर, तांब्यांवर, पाटावर बसलेल्या प्राजूवर. कपाळापासून हनुवटीपर्यंत हळद माखलेली, आणि ती बापाकडे बघून हसत होती. आज लाईट नाही असं म्हणायची काही सोयच राहिली नव्हती. साडू पुढे आले. खिशातून धोतराचा तुकडा काढून लेन्स पुसली. पाय रोवले, कोपरं बरगड्यांना दाबली. “श्वास!” ते म्हणाले. हळदीची गाणी थांबली, ढोलकी थांबली, सगळी गच्ची श्वास रोखून उभी राहिली.

त्यांनी फोटो काढला, बघितला, आणि कपाळाला आठी घातली. “परत,” म्हणाले. परत काढला. मी मागून डोकावलो. फोटो हलला होता. पांडेसऱ्याच्या रिक्षात न हललेला हात, आणि इथे सपाट गच्चीवर प्राजूचं हसू या टोकापासून त्या टोकापर्यंत ओघळलेलं. “लेन्सला काहीतरी लागलंय,” साडू पुटपुटले. पुन्हा पुसली. पुन्हा हलला. आम्ही सगळे श्वास कोंडून उभे होतो, आणि श्वास घेत होते ते एकटे साडूच, मोठमोठ्यानं. लग्नासाठी बोलावलेला फोटोग्राफर पुढे येऊन म्हणाला, “काका, मी घेऊ?” प्राजूनं त्याला हातानंच थांबवलं. साडूंनी पुन्हा तो तुकडा काढला. मला वाटलं लेन्स पुसताहेत. त्यांनी डोळे पुसले. लेन्सशिवाय कशालाच न लागलेलं ते कापड त्यांनी दोन्ही डोळ्यांवर दाबून धरलं आणि ते तसेच उभे राहिले.

मला त्या माणसाबद्दल त्या वेळी जे वाटलं ते प्रेमच होतं, दुसरा शब्द मला सुचत नाही. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की हा माणूस चेहरा टाळतो तो कलेसाठी. प्राजू उठली, हळदीच्या हातांनी तिनं त्यांचा मोबाईल घेतला, शेवटचा फोटो बघितला. “छान आलाय, पप्पा,” ती म्हणाली. मोबाईलवर पिवळी बोटं उमटली. ढोलकी पुन्हा सुरू झाली, कारण कुणीतरी काहीतरी करायलाच हवं होतं. पाठवणीच्या वेळी साडूंचा मोबाईल खिशातच राहिला.

त्यानंतर आमच्या ग्रुपवर सकाळी फ्रेम येईना. साडू मिलमध्ये जायचे, यायचे. मिलमधल्या एका ओळखीच्यानं मला सांगितलं की परवा नाला पोपटी होता आणि साहेब डबा खात बसले होते. एके दिवशी सासूबाईंनीच चाळीसगावहून विचारलं, “आज बादली नाही का?” थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा कळवलं, “न घासलेली असली तरी चालेल.”

प्रदर्शनाचा दिवस आला. साडूंनी कुठला फोटो दिलाय ते ताईंनाही ठाऊक नव्हतं. मी मनाशी नाला धरून चाललो होतो. हॉलमध्ये शिरलो, भिंतीभर फोटो, एकाहून एक धारदार, फुलपाखराच्या पंखावरची रेघन् रेघ मोजता येईल असे. कोपऱ्याजवळ एका फोटोपुढे बरीच माणसं थांबली होती. मोठ्या कागदावर पिवळा रंग पसरलेला होता, त्यात हललेले डोळे, हललेलं हसू. साडूंच्या एरवीच्या भारदस्त नावांच्या जागी खाली फक्त ‘प्राजू’ लिहिलं होतं.

गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला एक गृहस्थ साडूंना शोधत आला. भारावलेला होता बिचारा. “अंकल, आ इफेक्ट केवी रीते लाव्या? कमाल छे!” मी मनात म्हटलं, झालं, आता तासाभराची निश्चिंती. बादलीवर ज्यानं सासूबाईंना एवढं व्याख्यान दिलं, तो इथे काय सोडणार? साडूंनी फोटोकडे बघितलं, मग त्या गृहस्थाकडे.

“हाथ हली गयो, भाई,” ते म्हणाले.

गृहस्थ हसला, पुढचं ऐकायला थांबला, पण पुढे काही आलं नाही. ताई फोटोपुढे कितीतरी वेळ उभ्या होत्या. “पहिल्यांदा माझ्या पोरीचं तोंड दिसलं बाई,” त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. मी पुन्हा नीट बघितलं. त्या फोटोत धड नाक दिसत नव्हतं की धड ओठ, पण ताईंचं म्हणणं मला पटलं.

तेवढ्यात साडूंचा मोबाईल वाजला. पुण्याहून प्राजूचा व्हिडिओ कॉल. तिला ठाऊक होतं की आज प्रदर्शन आहे, आणि ती तिकडून ओरडत होती, “पप्पा, दाखवा ना! कुठला लावलाय? नाला ना?” साडूंनी मोबाईल फिरवला आणि दोन्ही हातांनी भिंतीसमोर धरला. कोपरं बरगड्यांना दाबली, पाय रोवले, सगळं नेहमीसारखं.

“पप्पा, मोबाईल स्थिर धरा हो,” प्राजूचा आवाज आला. “सगळं हलतंय. काहीच कळत नाहीये मला.”

“अगं, फोटोच तसा आहे,” साडू म्हणाले.

तिला कळलं असावं. मी साडूंच्या अगदी शेजारी उभा होतो, म्हणून सांगतो. फोटो तसा होता हे खरंच आहे, पण हातही हलत होता.